वास नव्हता, तरी आवाज होते

माझं तोंड आजवर किती जणांनी हुंगलं याचा हिशेब लागत नाही. बायकोनं, मोठ्या भावानं, तांड्याच्या नायकानं, खदानीच्या मुकादमानं, नशामुक्तीवाल्यानं. समोरच्यानं "हा कर" म्हणायचं, मी तोंड उघडून हाऽऽ करायचं, अन् त्यानं नाक पुढं आणायचं. आज आठवलं तरी मळमळतं. माणसाच्या आजाराचा तपास नाकानं करायची ही रीत घाणेरडी आहे, आणि आमच्याकडं ती घरोघर चालते. ज्यांच्या घरात आत्ता ती चालू असेल त्यांच्यासाठी लिहितो. मी सहावीत शाळा सोडलेला माणूस, ट्रॅक्टर चालवतो, लिहायला बसलो की एकेक ओळ खोडून परत लिहितो. डॉक्टरकीचं मला काही कळत नाही. माझ्यावरून जे गेलं तेवढंच सांगता येईल.

गोठा

माझं घर दारव्ह्याकडच्या एका तांड्यावर. आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारा. कामाला मात्र मी मुकुटबनला, गिट्टीच्या खदानीवर. जिल्हा एकच, पण हे टोक ते टोक. गाड्या बदलत बदलत दिवस जातो. इकडं बाजारात अर्धी माणसं तेलुगू बोलतात. गोरमाटी बोलायला मला एकटी माझी बायको शारदा. लेकरू अजून नाही. आम्ही दोघं एका खोलीत राहायचो.

दारू मी आधीपासून पीत होतो, खोटं कशाला बोलू. खदानीवर संध्याकाळी सगळेच पितात, त्यानं घशातली धूळ उतरते म्हणतात. पण एका हिवाळ्यात खोलीच्या मागच्या भिंतीतून बोलणं ऐकू यायला लागलं. दोन बायका आणि एक म्हातारा. बोलायचे माझ्याबद्दलच. आला बघा कामचोर. हा मेला तर शारदा सुटेल. आणि हे सगळं गोरमाटीत. मला वाटलं, आपल्याकडचं एखादं बिऱ्हाड मागं राहायला आलं असेल. एकदा घरमालकिणीला विचारलं.

"मावशी, मांगं कोन राह्यते?"

"मांगं? मांगं माहा गोठा हाय. दोन म्हशी अन् एक वगार."

"नाई, ते बोलत राह्यतेत ना संध्याकायी."

"म्हशी बोलाले लागल्या तं मले बी सांगजो," असं म्हणून ती पोट धरून हसली. मग जरा जवळ आली, नाक ओढलं आणि म्हणाली, "कमी पेत जा रे बापा."

पुढं मी कोणालाही काहीही सांगितलं तरी उत्तर हेच मिळालं. कमी पेत जा.

आता यात अडचण अशी होती की प्यायलं की पहिला काही वेळ ती माणसं लांब जायची. म्हणून मी जास्त प्यायला लागलो. दुसऱ्या दिवशी ती दुप्पट जोरानं परत यायची. आधी काय आणि मागून काय, हे मला आजही सांगता येत नाही. मी भिंतीवर मारलेले दगड शारदानं पाहिले, विचारलं, तर मी म्हणायचो, "काल जास्त झालती." आमच्याकडं दारुड्या म्हणवून घ्यायला कोणाला फार काही वाटत नाही. दारुड्याची सोयरीक होते, त्याला काम मिळतं, लग्नाच्या पंगतीत त्याला जागा असते. येडा म्हटलं की भावाच्या पोरींची लग्नंही अडतात.

पोळा ते दसरा

पावसाळ्यात खदानीत पाणी भरलं, काम बंद झालं. पोळ्याला आम्ही तांड्यावर आलो. माझा अवतार बघून दादानं, म्हणजे मोठ्या भावानं, नायकाला गाठलं. तांड्याची जुनी रीत आहे. देवीच्या पायरीवर हात ठेवून शपथ घ्यायची, आणि मग रोज दिवे लागायच्या वेळी नायकाच्या ओट्यावर जाऊन श्वास दाखवायचा. मी शपथ घेतली.

नायकाचं तोंड सदा खर्र्यानं भरलेलं. दातांच्या फटीत सुपारी, ओठाच्या कोपऱ्यात लाल पाणी. तो माणूस माझ्या तोंडापाशी तोंड आणायचा, डोळे मिटायचा आणि ओढून वास घ्यायचा. त्याच्या तंबाखूचा भपकारा माझ्या नाकात जायचा आणि पोटातलं वर यायचं. ओट्यावर बसलेले दहा जण बघत असायचे. घरी आल्यावर परत शारदा हुंगायची. तिनंही शपथ घेतली होती, माझ्यावर नजर ठेवायची.

शपथ मी पाळली. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत एक थेंब नाही. सुरुवातीला हात थरथरले, चादर घामानं भिजली, हिरवं पाणी ओकलो. असं एकदम सोडणं जिवावर बेततं, डॉक्टरच्या देखरेखीत सोडायचं असतं, हे मला फार पुढं कळलं. पुढं अंग शांत झालं. भूक लागायला लागली. पण ती दोन बायका आणि तो म्हातारा काही गेले नाहीत.

उलट तांड्यावर ते जास्तच. मुकुटबनला निदान मनात यायचं, की इथं गोरमाटी बोलणारा आला कुठून? इथं तर भिंतीपलीकडं खरोखर गोरमाटी बोलणारी माणसं राहत होती. कोणता आवाज शेजारणीचा आणि कोणता त्यांचा, मला वेगळं करता येईना. एकदा मी शेजारच्या काकूच्या अंगावर धावून गेलो, मला शिव्या काहून देता म्हणून. ती बिचारी कोंबड्या डालत होती.

त्या संध्याकाळी ओट्यावर पंचायत बसली.

"वास तं नाई येत बावा," नायक म्हणाला.

"मंग हा असा काहून करून राह्यला?" दादानं विचारलं.

नायकानं पिंक टाकली, विचार केला. "आजकाल बिनवासाची निघाली असन यवतमायात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बिनवासाची दारू! एकालाही वाटलं नाही, की वास नाही म्हणजे दारू नसेल. माझ्या पिशव्या उलट्या केल्या, उशी फाडली, दादाच्या ट्रॅक्टरच्या सीटखाली हात घालून बघितलं.

यापुढचं लिहायची मला किळस येते, पण लिहितो.

त्या आवाजांनी नवीन काढलं होतं. तुझ्या डाळीत काहीतरी टाकतात. ताट सोड. मी दुर्लक्ष करायचो, कारण घरच्यांवर असा संशय घेणं मला पाप वाटायचं. एका दुपारी पाणी प्यायला आत गेलो तर वहिनी कागदाची पुडी उघडून माझ्या ताटात झटकत होती.

"वहिनी, काय हाय ते?"

"जिरं."

जिरं पांढरं नसतं. दारव्ह्याच्या बाजारातून दादानं एका औषधवाल्याकडून दारू सोडवायची पुडी आणली होती. न सांगता जेवणात द्यायची, तरच लागू पडते म्हणे. दादाला माहीत, वहिनीला माहीत, शारदालाही माहीत. आमच्या भागात कित्येक घरांत असं कालवतात आणि त्याला पुण्याचं काम समजतात. माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. घरची जिवंत माणसं मला खोटं बोलली आणि भिंतीतली माणसं खरं बोलली. त्या दिवसापासून मी भिंतीतल्यांचं सगळं ऐकायला लागलो. घरातलं जेवण बंद केलं. साल असलेलंच खायचो, केळं आणि उकडलेलं अंडं, तेही स्वतः सोलून.

दसऱ्याला दादानं सगळ्यांसमोर "कुठं लपवते बे, सांग" म्हणून गचांडी धरली. मी तसाच निघालो आणि प्यालो. न पिता पिणारा ठरलोच होतो.

दुसऱ्या सकाळी शारदा माझ्यासमोर बसली. तिचा बाप दारूनं गेलेला. घरात आम्ही गोरमाटीच बोलतो, इथं मी तिचं बोलणं मराठीत लिहितो.

"माह्या मायनं जनमभर त्याच्या उलट्या पुसल्या. मी ते करन नाई. तुमाले दारूच असन तं मी नेरकडं मायपाशी जाईन, वापस येनार नाई. पन आजार असन तं मी तुमाले टाकून जानार नाई. मले एक पक्कं समजलं पायजे."

मलाच समजलेलं नव्हतं.

पत्र्याचं शेड

तिच्या आधी दादानं ठरवलं. चार माणसं आली आणि मला जीपमध्ये घालून एका गावाबाहेरच्या नशामुक्तीच्या शेडात टाकून गेली. जागेचं नाव लिहीत नाही.

पत्र्याखाली तीसेक माणसं. कोपऱ्यात पडद्याआड संडास. त्याची बालदी भरली की जो नवीन असेल त्यानं उचलायची. ज्या फडक्यानं ओकारी पुसायचे तेच पिळून ताटं ठेवायच्या फळीवर फिरवायचे. सकाळी रांगेत उभं करून ओरडायला लावायचे, मी दारुड्या आहे, मी घरच्यांचा गुन्हेगार आहे. एकाला झटके यायचे. एक जण मेलेल्या पोराला हाका मारत रडायचा. आणि मी भिंतीशी बोलायचो. तिघांचं निदान एकच, दारू. चालवणारा माणूस स्वतः पिऊन सोडलेला होता, त्यामुळं त्याला सगळं माहीत होतं.

"सायेब, मले आवाज येतेत," मी सांगितलं.

"उतरून राह्यली तुही."

"पन मी पोयापासून दसऱ्यालोक पेलोच नव्हतो, तवा बी येत होते."

त्यानं थोबाडीत मारली. "दारुड्याची जात. आवाज येतेत म्हने. आता कोनता आला?"

सगळे हसले. मीपण हसलो, दुसरी बसू नये म्हणून.

माझ्या बाजूला बंडू झोपायचा, दारव्ह्याचा काळीपिवळी जीप चालवणारा. सगळे मला येड्या म्हणायचे, हा मात्र रोज स्वतःचं अंडं सालीसकट मला द्यायचा. कारण विचारलं नाही कधी. तो सुटला तेव्हा सरळ तांड्यावर गेला आणि शारदाला म्हणाला, "वहिनी, तुह्या मानसाची दारू कवाचीच उतरली. तरी तो भिंतीसंग भांडते. हे आमच्यावालं नोहे. त्याले खऱ्या डॉक्टरले दाखव." बंडूला पुढं पुन्हा दारू लागली असं ऐकलं. त्याचे उपकार कशानंही फिटणार नाहीत.

मॅडमनं विचारलं

शारदा एकटी आली. गेटवर तिला म्हणाले, भावाला आणा, त्यानं टाकलंय. ती तिथंच मातीत बसली आणि म्हणाली, "मानूस माहा हाय, गाठोडं नाई, ठेवल्यावर ज्यानं ठेवलं त्यालेच द्याले." बायामाणसं जमली, तेव्हा सोडलं.

यवतमाळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आलो. जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात येणाऱ्याजाणाऱ्यांनी खर्रा थुंकलेला, त्यावर माश्या. मी नाकाला रुमाल लावून वर चढलो. वाटलं, आता परत कोणी नाक पुढं आणेल. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्या खुर्चीतून पुढं वाकल्या आणि मी आपोआप तोंड उघडलं.

"तोंड कशाला उघडलं, दादा?"

"वास घ्याले."

त्या मागं टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "वास नको मला. ते आवाज कोणत्या भाषेत बोलतात?"

इतक्या दिवसांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी गोरमाटी म्हटलं. मुकुटबनचा गोठा सांगितला. म्हशीही सांगितल्या. त्या हसल्या नाहीत. सांगता सांगता मीच रडायला लागलो.

मग त्यांनी शारदाला विचारलं, "दारू पूर्ण बंद होती असा काही काळ गेलाय का मध्ये?"

"पोया ते दसरा."

"लपून पीत नव्हते? नक्की?"

"मॅडम, रोज यांचं तोंड हुंगलं मी. मलेच शरम येते आता. वास नव्हता. पन भिंतीशी बोलनं एक दिवस खंडलं नाई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हेच मला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. दारू पिणाऱ्यालाही आवाज येऊ शकतात, सोडतानाही येऊ शकतात. म्हणून प्यायलेल्या माणसाकडं बघून ठरवता येत नाही. कोरड्या दिवसांत काय होतं ते बघावं लागतं.

पुडीचं शारदानंच काढलं, मान खाली घालून. तेव्हा मात्र मॅडमचा आवाज चढला. "कोणीतरी जेवणात काही घालतंय असं यांना वाटत होतं, आणि तुम्ही खरंच घालत होता? आता मी दिलेली गोळी यांनी कोणत्या विश्वासावर घ्यायची? आजपासून काही लपवून द्यायचं नाही. तळहातावर ठेवायची, कशाची आहे ते सांगायचं. नाही म्हणाले तर मला सांगायचं."

शारदानं डोळे पुसले आणि तिचा प्रश्न विचारला. "मॅडम, मले एकच सांगा. दारू का आजार?"

"आज नाही सांगता येणार. भरती करू, बघू."

वॉर्ड

वॉर्डात शारदा माझ्या खाटेखाली सतरंजीवर झोपायची. सकाळी फिनेलचा वास, मग चहा, मग गोळी. गोळीनं तोंडातून लाळ गळायची, उशी ओली व्हायची, पाय लाकडासारखे व्हायचे. मला माझ्याच अंगाची घाण वाटायची. मॅडमनी गोळी बदलली, तेव्हा लाळ कमी झाली. पहिली गोळी घ्यायला मला अख्खी सकाळ लागली होती. शारदा हात पुढं करून बसली होती, हात अवघडला की दुसऱ्या हातावर घ्यायची.

आवाज एका दिवसात गेले नाहीत. शेजारच्या खोलीत गेल्यासारखे झाले, मग अंगणात, मग शिवाराच्या पार. एका दुपारी मी खाटेवर बसलो होतो आणि पंख्याचा आवाज आला. नुसता पंखा. त्याची मला भीतीच वाटली. शारदाला म्हटलं, काहीतरी बोल. ती म्हणाली, "काय बोलू?" मी म्हटलं, "कायबी."

सुट्टीच्या आधी मॅडमनी दोघांना बसवलं. नाव सांगितलं आजाराचं, ते मी लिहीत नाही. वाचणारा लगेच आपल्या घरच्या माणसाला ते चिकटवतो, आणि ते काम डॉक्टरचं आहे. शारदाला नाव नकोच होतं.

"मंग आजारच नं, मॅडम? दारू नाई?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं?"

"दारू सुटली तरी हा आजार राहणार. गोळ्या घेतल्या तरी दारूची ओढ राहणार. एकाला बरं केलं की दुसरं आपोआप जात नाही. दोन्हीकडं एकदमच बघावं लागेल, आणि बरीच वर्षं."

बाहेर बाकड्यावर शारदा गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरत बसली. आता ही जाणार, असं मी धरूनच चाललो होतो. मग ती एकदम हसली, कडू हसली.

"मी दोनातलं एक मांगलं होतं. तुमी दोन्ही घेऊन आले." थोड्या वेळानं म्हणाली, "आयका मंग. आजाराच्या वाटणीची मी तुमच्यापाशी राहीन. दारूच्या वाटणीची राहनार नाई. ज्या दिवशी पेसान त्या दिवशी मी गाडीत बसन. अन् गोळ्या मांगं ठेवून जाईन."

आता

मुकुटबनला परत आलो. मुकादमानं कामावर घेतलं. दादाचा फोन आला, म्हणाला, "गोया-फिया कोनाले सांगू नको. दारू सुटली म्हन, बस." मला त्याचा रागही येतो आणि कीवही. त्यानं मला शेडात टाकलं ते वाईट बुद्धीनं नाही, हे मला कळतं. कळलं म्हणून त्या बालदीचा वास नाकातून जात नाही.

हिवाळा चांगला गेला. होळीला खदानीवरच्यांनी आग्रह केला. आता बरा झालाय ना, मग काय होते? मीपण तेच म्हटलं स्वतःला. प्यालो.

घरी गेलो तेव्हा शारदानं नाक पुढं आणलं नाही. नुसतं बघितलं. मी काही बोलायच्या आत ती पिशवी भरायला लागली. सकाळी माझ्या तळहातावर गोळीचं पाकीट ठेवलं, "हे आजाराचं," म्हणाली, आणि नेरकडं जायला वणीच्या गाडीत बसली. मी अडवलं नाही. तिनं सांगितलेलं तिनं केलं. त्यानंतरचे दोन दिवस मागच्या भिंतीत कुजबुज होती. मी गोळी सोडली नाही, फोनवर मॅडमच्या दवाखान्यात विचारून ठरलेल्या तारखेआधीच गेलो, आणि प्याल्याचं लपवलं नाही. मॅडम ओरडल्या नाहीत. दारूसाठी आता वेगळी गोळी आहे, गटाची बैठक आहे, तिथं कोणी कोणाला गुन्हेगार म्हणत नाही.

वाचणाऱ्या बायकांना, भावांना माझं एवढंच म्हणणं. तोंडं हुंगू नका. त्यापेक्षा दारू बंद असतानाचे दिवस नीट लक्षात ठेवा आणि डॉक्टरला ते सांगा. जेवणात काही कालवू नका. आणि घरातला माणूस सांगत असेल की मला आवाज येतात, तर त्याला तो आवाज काय म्हणतो तेवढं तरी विचारा.

होळी जाऊन आता दसराही होऊन गेला, मी प्यालेलो नाही. पुढचं सांगता येत नाही, मला रोज भीती वाटते. शारदा अजून नेरकडंच आहे. दिवेलागणीला तिचा फोन येतो.

"घेतली?"

"घेतो."

"आयकू येऊ द्या."

मग मी फोन गळ्यापाशी धरतो, गोळी जिभेवर ठेवतो आणि पाणी पितो. ती घोट ऐकते. त्यानंतर शेळीला काय झालं, मायचा गुडघा कसा आहे, कापूस किती फुटला, असं काहीबाही सांगते आणि ठेवून देते. येते असं कधी म्हणत नाही.

काल माझ्यानं राहवलं नाही. गोळी गिळली आणि विचारलं, "कवा येशील?"

मला वाटलं, लाइन गेली.

"पानी पुरं प्या आधी," ती म्हणाली.

मी पेला तोंडाला लावला आणि पार रिकामा केला. फोन चालूच होता.